घटती मिळकत आणि मुलांचा भत्ता



ऑस्ट्रेलियात १९४१ साली पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग देण्याचा कायदा झाला. बापाची मिळकत किती, हा प्रश्न त्यात विचारलेला नव्हता. १९५० मध्ये पहिल्या मुलाचाही समावेश झाला. पुढे १९७६ मध्ये मुलांसाठीची आयकरातील सवलत रद्द करून आईला मिळणारा भत्ता त्या प्रमाणात वाढविण्यात आला. या बदलाचे मोल मोठे होते; कारण ज्याची मिळकत कर भरण्याइतकीही नाही, त्याच्या घरी करसवलत पोचतच नाही.

१९८७ मध्ये हॉक यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने या भत्त्याला उत्पन्नाची अट लावली. १९९० पर्यंत देशात एकही मूल दारिद्र्यात राहणार नाही, ही हॉक यांची घोषणाही त्याच वर्षीची! गरिबाला अधिक द्यावयाचे तर श्रीमंताला वगळावे, हा युक्तिवाद समाजवाद्यालाही पटण्याजोगा आहे. परंतु श्रीमंताला वगळण्याच्या खटाटोपात गरिबाच्या मागे कागदांचा ससेमिरा लागतो, याचा विचार सहसा होत नाही.

१ जुलै २००० पासून चालू असलेल्या ‘फॅमिली टॅक्स बेनिफिट’मध्ये हा दोष स्पष्ट दिसतो. नावात कर असला तरी हा रोख भत्ता आहे आणि ‘सेंटरलिंक’ ही सरकारी यंत्रणा तो बहुधा दर पंधरवड्याला देते. त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ मुलांच्या संख्येवर, वयावर आणि कुटुंबाच्या मिळकतीवर ठरतो. भाग ‘ब’ एकट्या पालकासाठी किंवा मुख्यतः एकाच्याच कमाईवर चालणाऱ्या घरासाठी आहे. मिळकत मोजावयाची ती १ जुलै ते ३० जून या संपूर्ण वर्षाची. वर्ष संपण्यापूर्वी ती कोणाला ठाऊक असणार? म्हणून कुटुंबाने अंदाज सांगावयाचा आणि वर्षअखेरीस करविवरणाशी ताळा जुळवावयाचा. पगारदार अधिकाऱ्याला हा अंदाज सोपा आहे. ज्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात त्या कामगाराला तो सांगता येणे कठीण.

दोन लहान मुलांच्या एका घराचे उदाहरण घ्यावे. वर्षारंभी अंदाज दिला ९०,००० डॉलरांचा. डिसेंबरपर्यंत ४५,००० हाती आले आणि मग कामाचे तास घटले. पुढच्या सहा महिन्यांत ३०,०००च मिळणार. नवा अंदाज ७५,००० चा द्यावयाचा. ६०,००० चा नव्हे, कारण आधी मिळालेले वेतन वजा होत नाही. नोकरी सुटताना मिळालेले रजेचे पैसेही त्यात धरावे लागतात. या टप्प्यात मर्यादेवरील प्रत्येक डॉलरमागे भाग ‘अ’ मधून २० सेंट कापले जातात. म्हणजे १५,००० च्या घटीने वर्षाला ३,००० डॉलरांचा फरक पडतो. घरातील एकाला बेकारी भत्ता सुरू झाला, तर त्या काळापुरता भाग ‘अ’ पूर्ण दराने मिळतो. मात्र नवा अंदाज कळविला नाही, तर घरात चणचण असतानाही जुन्या दराचाच पंधरवडा पदरात पडतो आणि उरलेली रक्कम वर्ष सरल्यावर येते. तोवर घरमालक थांबत नाही!

लोक कळवीत का नाहीत? वसुलीच्या भीतीने. अंदाज कमी ठरला आणि पुढे काम मिळाले, तर जास्तीचे पैसे कर्ज म्हणून परत मागितले जातात. पहिल्याच वर्षी इतक्या कुटुंबांवर अशी कर्जे निघाली की २००१ मध्ये सरकारला प्रत्येकी हजार डॉलरपर्यंतची वसुली माफ करावी लागली. २००४ मध्ये दर मुलामागे ६०० डॉलरांची वार्षिक पुरवणी रक्कम आली, ती बऱ्याच अंशी ही कर्जे भागविण्यासाठी. चूक अंदाजपद्धतीची आहे, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी. तरी पद्धत तशीच राहिली आणि १ जुलै २०१६ पासून ८०,००० डॉलरांवरील मिळकतीच्या घरांची भाग ‘अ’ ची पुरवणी बंद झाली. मिळकतीच्या चढउताराचा धोका मालकाने कामगारावर टाकला. भत्त्याच्या हिशेबातही राज्यसंस्थेने तो त्याच्याच शिरावर ठेवला.

पुण्या-नाशिकहून मेलबर्न-सिडनीला जाऊन कायम वास्तव्य मिळविलेल्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम आहे. नवागतांना भाग ‘अ’ साठी थांबविण्याची तरतूद १ जानेवारी २०१९ पासून आली, ती वेगळीच. सरकारचे पैसे मागणे कमीपणाचे, हा मध्यमवर्गीय संकोच मात्र या बाबतीत अनाठायी होय.

पंधरवड्याचे पैसे नको असतील, तर वर्ष संपल्यावर एकरकमी मागणी करता येते. त्यासाठी मुदत पुढच्या ३० जूनपर्यंतची, म्हणजे एक वर्षाची. पंधरवड्याने घेणाऱ्यांनीही करविवरण त्याच मुदतीत भरावयाचे असते; नाहीतर पुरवणी आणि वर्षअखेरची बाकी दोन्ही हातची जातात.