पाणी मोजणारी विद्या

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



निकाल लागले की घराघरांतून दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. आज मी तिसरी वाट सांगणार आहे. ती म्हणजे विद्यापीठातील पर्यावरणशास्त्र.

“झाडे लावायला कॉलेज कशाला?” असे पालक विचारतात. त्यांचा दोष नाही. पदवीच्या वर्गातील पर्यावरणाचा सक्तीचा पेपर पुष्कळ मुले आदल्या रात्री वाचून उत्तीर्ण होतात. मी म्हणतो ते शास्त्र निराळे. ते मोजायला शिकविते.

खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी तेथे वीज देऊन पाताळगंगेत उतरते. पुढे त्याच नदीच्या खोऱ्यात रसायनीचे कारखाने आहेत. पाणी बिघडले, असे आपण नुसते पाहून म्हणतो. या शास्त्राचा विद्यार्थी बाटलीत नमुना घेतो, त्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो, बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतो आणि पुन्हा मोजतो. घाण कुजविताना जंतूंनी किती प्राणवायू संपविला, त्यावरून घाणीचा भार कळतो. तक्रारीला असा आकडा जोडला की तिला वजन येते.

दुसरे उदाहरण सांगताना मन जड होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. माती, उतार आणि पाऊस यांचा मेळ जाणणारी मुले याच डोंगरांखाली तयार व्हायला हवीत.

आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, डॉ. सालिम अली यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले. पुढे त्यांचे नाव जगभर झाले. पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नव्हती. मुलांनो, चिकाटी त्यांची घ्या, पदवी मात्र सोडू नका.

अकरावीला शास्त्र शाखा घ्या. रसायन आणि गणिताला भिऊ नका. रसायन, वनस्पती, प्राणी किंवा भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. व्हा, मग एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घ्या. पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. पुढे प्रयोगशाळा, कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा ठिकाणी काम असते. नोकरी हमखास मिळेल, असे वचन मी देत नाही. सुरुवातीचा पगारही बेताचाच असेल, हे पालकांनी आधी जाणून घ्यावे.

आणि एक विनंती. ही विद्या मुलींनाही तितकीच खुली आहे. घरात पाण्याची काळजी वाहते ती आई आणि मुलगीच. तिला बारावीनंतर घरी बसवू नका. ज्या पाण्याची ती हंडाभर काळजी करते, त्याच पाण्याचा हिशोब उद्या तिला मांडू द्या.