काळ्या घोड्याचा विस्मृत दाता



बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही रट्ट राजा चतुर्थ कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने इ. स. १२०४ च्या सुमारास बांधविली. रट्टांचे राज्य लयास गेले, पुढे कित्येक राजवटी आल्या आणि गेल्या. तरीही बीचिराजाचे नाव आज सांगता येते, कारण ते शिलालेखात कोरलेले आहे.

मुंबईत मात्र याच्या उलट घडले. बेळगाव-निपाणीकडून मुंबईस जाणाऱ्यांना ‘काळा घोडा’ हे ठिकाण परिचित असते. परंतु तो घोडा कोणाचा आणि तो कोणी दिला, हे सांगणारा विरळा.

इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे बादशहा सातवे एडवर्ड, ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईस उतरले. त्या भेटीच्या स्मरणार्थ सर अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी युवराजांचा अश्वारूढ पुतळा करवून शहरास अर्पण केला. व्हिएन्नात जन्मलेले शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांनी घडविलेला हा पुतळा १८७९ साली उभा राहिला. ब्राँझचा रंग काळसर. म्हणून लोकांनी स्वाराला बाजूस सारून घोड्यालाच नाव दिले. दाता तर कोणाच्याच ध्यानी राहिला नाही.

हे ससून घराणे बगदादी यहुदी. अल्बर्ट यांचे वडील डेव्हिड ससून छळामुळे बगदाद सोडून निघाले आणि अखेरीस मुंबईत स्थायिक झाले. कापूस व अफू यांच्या व्यापारात घराण्याने अमाप संपत्ती मिळविली. अफूचा पैसाही त्या दानामागे होता, हे लपविण्याचे कारण नाही. दानाची नोंद ठेवणे म्हणजे दात्याची स्तुती करणे नव्हे.

स्वातंत्र्यानंतर परकीय सत्तेची स्मारके चौकांतून हलविण्यात आली. १९६५ साली हा पुतळाही भायखळ्याच्या राणीच्या बागेत, आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, नेण्यात आला. तेथील वस्तुसंग्रहालयास १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. पेडण्याजवळच्या मांद्रे गावात जन्मलेल्या या विद्वानाने ते उभे राहावे म्हणून झटून प्रयत्न केले होते. शतकानंतर का होईना, त्यांचे ऋण स्मरले गेले. ससूनांचा घोडा मात्र त्याच आवारात मुकाट उभा आहे. मूळ चौकात २०१७ साली स्वाराविना नवा घोडा बसविण्यात आला. मधली पन्नासांहून अधिक वर्षे घोडा नसतानाही चौकाचे नाव टिकले.

यातून मंदिर-महाजनांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. लोकांच्या जिभेवर वस्तू राहते, दाता राहत नाही. समईच्या बुडाशी, घंटेच्या काठावर, पायरीच्या दगडावर पूर्वजांनी नावे कोरविली, ती याच जाणिवेने. जीर्णोद्धाराच्या वेळी जुनी फरशी उखडण्यापूर्वी तीवरील अक्षरे वहीत उतरून घ्यावीत. दगड हलवावा लागला तर हलवावा. त्यावरील नाव हरवू देऊ नये.