निद्रानाश : मेंदूतला न उठणारा पहारा



असोदा हे बहिणाबाईंचे माहेर. १८८० मध्ये याच गावात जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये जळगावात निवर्तलेल्या या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. परंतु माणसाचे मन तिने पुरते वाचलेले होते. त्या मनाला बहिणाबाईंनी उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. कितीही हाकलले तरी ते फिरून पिकाकडेच वळते. ज्याची रात्र आढ्याकडे पाहण्यात सरते, त्याला या उपमेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दिवसभराचे कष्ट झालेले असतात, अंग मोडून आलेले असते, दिवा मालवलेला असतो, घर निजलेले असते. आणि नेमके त्याच वेळी मन पिकात शिरते. मुलीचे लग्न, बँकेचे कर्ज, कुणी वीस वर्षांपूर्वी चारचौघांत केलेला अपमान, सारे एकामागून एक हजर होते.

अशा माणसाला घरातून कोणता सल्ला मिळतो? ‘विचार करणे सोडा, झोप लागेल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात एक नकळत ठपका असतो. झोप न येणे हा जणू त्या माणसाच्या मनोबलाचा दोष! गेल्या काही दशकांतील मेंदूविज्ञानाने हा ठपका पुसण्याचे काम केले आहे.

झोप न मिळणे आणि झोप न येणे

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्यांच्या वाट्याला शेतीपंपाची रात्रीची वीज येते, ते शेतकरी मध्यरात्री मोटार सुरू करायला मळ्यात जातात. भुसावळचा रेल्वे कर्मचारी, दीपनगरच्या वीजकेंद्रातील कामगार रात्रपाळी करतो. या मंडळींना झोप मिळत नाही. संधी मिळाली, तर यांतील बरेच जण बसल्या जागी झोपतील. निद्रानाश म्हणजे याच्या उलट. अंथरूण आहे, अंधार आहे, वेळ आहे, थकवाही आहे. झोप मात्र नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल, मध्येच मोडत असेल किंवा फार पहाटे उडत असेल आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. प्रौढांपैकी सुमारे १० टक्के लोकांना तो असतो, असे मानले जाते.

झोपेची आणि जागेपणाची केंद्रे

झोप म्हणजे मेंदूचे बंद पडणे, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिला पहिला मोठा धक्का पहिल्या महायुद्धाच्या काळात बसला. युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. बहुतेक रुग्ण सतत झोपत. काहींची झोप मात्र पार उडाली. व्हिएन्नातील डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. मृत रुग्णांचे मेंदू तपासल्यावर त्यांना दिसले, की झोप उडालेल्यांच्या मेंदूत हायपोथॅलॅमस या भागाचा पुढचा अंश बिघडलेला आहे आणि झोपाळूंच्या मेंदूत मागचा. म्हणजे झोप आणणारी आणि जागे ठेवणारी केंद्रे वेगळी आहेत, हे अनुमान त्यांनी काढले. पुढे १९४९ मध्ये मोरुत्सी आणि मॅगून यांनी मेंदूच्या देठातून वर जाणारी, जागेपणा टिकवणारी यंत्रणा दाखवून दिली.

तेव्हा झोप हे दोन बाजूंच्या तोलाचे काम आहे. जागेपणाचा पहारा उठतो, तेव्हाच झोपेला आत वाट मिळते. निद्रानाशात अडते ते बहुधा इथेच. झोपेची शक्ती कमी पडते यापेक्षा पहारा उठत नाही, हे अधिक खरे.

याचा पुरावा २००४ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील एरिक नॉफ्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो, हे पेट स्कॅनने मोजता येते. निद्रानाशाचे रुग्ण आणि निरोगी माणसे, दोघांचीही जागेपणी आणि झोपेत अशी मोजणी झाली. जागेपणाकडून झोपेकडे जाताना जागे ठेवणाऱ्या भागांचे काम जेवढे मंदावायला हवे, तेवढे ते रुग्णांत मंदावले नव्हते. रुग्ण अवघे सात होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण ‘झोपलो होतो, तरी झोपल्यासारखे वाटले नाही’ ही तक्रार निव्वळ कल्पना नसावी, असे सुचवणारा तो पुरावा होता.

भागाभागांतील संवाद

मेंदूचा एकेक भाग पाहून मात्र चित्र पुरे होत नाही. गावात कोण राहते एवढे कळून गाव कळत नाही. कोण कोणाशी बोलते, हेही कळावे लागते. एमआरआय तंत्राने आता मेंदूच्या भागांमधील हा संवाद पाहता येतो. माणूस बाहेरचे काम थांबवून स्वतःत शिरतो, जुने आठवतो, उद्याची चिंता करतो, तेव्हा भागांचा एक ठरावीक समूह एकत्र काम करतो. दुसरा समूह कशाकडे लक्ष द्यावे, कशात धोका आहे, हे सतत चाचपतो. झोप येताना या संवादांची घडी बदलते. निद्रानाशाच्या रुग्णांत हे बदल वेगळ्या प्रकारे होतात, आत्मचिंतनाचा समूह पुरेसा शांत होत नाही आणि धोका चाचपणारा समूह अधिक सावध राहतो, असे अनेक अभ्यासांत आढळले. उभ्या पिकात शिरणारे ढोर आणि दारात भुंकत राहणारा कुत्रा, अशी ही जोडी आहे.

सर्व अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्याचे एक संभाव्य कारण नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. स्वभाव, भावना आणि आयुष्यातील अनुभव यांच्या आधारे निद्रानाशाचे पाच वेगळे प्रकार त्यांना आढळले. नाव एक असले, तरी आजार अनेक असू शकतात.

त्याच देशातील आणखी एक प्रयोग मनाला भिडणारा आहे. स्वयंसेवकांना कानावर हेडफोन लावून, स्वतःचा आवाज ऐकू येणार नाही अशा रीतीने गाणे गायला लावले. नंतर ते बेसूर ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवले. लाज वाटणे स्वाभाविकच होते, आणि भीती-अस्वस्थतेशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग त्या वेळी चेतला. रात्रभराच्या झोपेनंतर तेच पुन्हा ऐकवले. ज्यांची स्वप्नांची झोप अखंड होती, त्यांचा अमिग्डाला शांत झाला. ज्यांची ती झोप वारंवार तुटली होती, त्यांचा झाला नाही. म्हणजे चांगली झोप दिवसाचा सल रात्रीत बोथट करते. निद्रानाशात हे काम अपुरे राहते आणि वीस वर्षांपूर्वीचा अपमान कालच्याइतका ताजा राहतो.

म्हणूनच हा विषय केवळ गैरसोयीचा नाही. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. कर्जाच्या आणि नापिकीच्या चिंतेने ग्रासलेल्या घरात कर्ता माणूस महिनोन्‌महिने रात्री जागा असेल, तर ती घराने वेळीच ओळखायची खूण आहे.

गोळी की वळण?

आपल्याकडे यावर सोपा उपाय शोधला जातो, तो औषधाच्या दुकानातील गोळीचा. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्या कायद्याने ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही शेजाऱ्याची गोळी घेऊन पाहणारे आढळतातच. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले औषध वेगळे. मनाने सुरू केलेली गोळी सवय लावते, वृद्धांना रात्री पाडते आणि ती अचानक सोडली, तर झोप आणखी उडते; क्वचित झटकेही येतात. ती सोडायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर विचार आणि सवयी यांना वळण लावणारी पद्धत सुचवली. तिच्यासाठी साधारण चार ते आठ भेटी लागतात. तिची तत्त्वे साधी, पण शिस्तीची आहेत. रात्र कशीही गेली, तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे. डोळ्यांवर झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. पंधरा-वीस मिनिटे तळमळ झाली, तर उठून मंद प्रकाशात शांत बसावे आणि झोप आल्यावरच परतावे. मात्र घड्याळ पाहू नये. हिशेब, वाद, मोबाईल आणि दूरदर्शन यांना अंथरुणावर स्थान नसावे. उद्देश एकच : अंथरूण म्हणजे तळमळ, ही मेंदूने बांधलेली गाठ सुटावी. अंथरुणातील एकूण वेळ कमी करणे हाही या उपचाराचा भाग आहे; पण अपस्माराच्या रुग्णांनी, वाहनचालकांनी तो स्वतःच्या मनाने करू नये. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल, तर तो वेगळाच आजार असून त्याची तपासणी निराळी.

खानदेशच्या उन्हाळ्यात दुपारची झोप टाळा म्हणणे सोपे, पाळणे कठीण. चरकसंहितेनेही दिवसा झोपण्याची मुभा ग्रीष्मात दिलेली आहे. परंतु जागेपणी मेंदूत साठत जाणारा झोपेचा दाब दुपारच्या दोन तासांत खर्ची पडतो. रात्री तळमळणाऱ्याने दुपारी फक्त पाठ टेकावी आणि संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. कारण चहातील कॅफिन त्याच दाबाची जाणीव दडपते.

चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटले, पतंजलींनी तिची गणना चित्ताच्या पाच वृत्तींत केली. त्यांच्याजवळ स्कॅनर नव्हता, तेव्हा आजचे सारे शोध त्यांना ठाऊक होते, असे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय आहे. पण निद्रा ही पोकळी नसून चित्ताचीच एक अवस्था आहे, ही त्यांची दृष्टी मोलाची होती. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत विपश्यना करणाऱ्या अनुभवी साधकांच्या झोपेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांची गाढ झोप समवयस्कांपेक्षा अधिक आढळली. नित्य साधना मनाच्या पहाऱ्याला विसावा देऊ शकते, याचा हा आश्वासक संकेत होय.

ज्याच्या घरात असा जागणारा माणूस आहे, त्याने आज एवढेच करावे. ‘विचार करू नका’ हे वाक्य बंद करावे. सकाळची उठण्याची वेळ साऱ्या घराने एक ठेवावी. तीन महिन्यांहून अधिक काळ हे चालले असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मन फारच खचलेले दिसले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. झोप आज्ञेने येत नाही. पहारेकऱ्याला भरवसा वाटला, म्हणजे तो स्वतःच जागा सोडतो. तो भरवसा देणे हे औषधाइतकेच घराचेही काम आहे.