नंदीच्या द्राक्षबागांना सायकलवरून प्रदक्षिणा
(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयात द्राक्षबागा आहेत, त्याही वाइनच्या मुलखातल्या. त्यामुळे काही भुवया वर गेल्या असतील. बाप्पाच्या प्रसादात बेदाणा चालतो, तेव्हा त्याच्या मांडवात द्राक्षाची गोष्ट करायलाही हरकत नसावी. शिवाय मी वाइन पिण्याविषयी बोलणार नाही. सायकल चालवायची असेल तर ती प्यायचीही नसते. मी बोलणार आहे ते रस्त्याविषयी. बंगळूरमध्ये राहणाऱ्या माणसाला गाड्यांशिवायचा रस्ता कुठे मिळतो, आणि तो किती दिवस मिळत राहील, एवढाच माझा विषय आहे.

द्राक्ष म्हटले की आपल्याला नाशिक, सांगली, नारायणगाव आठवते. ते साहजिकच आहे. पण आपण ज्या शहरात पोटापाण्यासाठी आलो, त्याच्या नावाचेच एक द्राक्ष आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ‘बँगलोर ब्लू’. गर्द जांभळे, जाड सालीचे, बियांचे, आणि दुरूनही ओळखू येईल अशा वासाचे. रसासाठी आणि गोडसर वाइनसाठी ते पूर्वीपासून वापरले जाते. त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि वर्षाला एकच पीक. इथल्या सौम्य हवेत हा वेल वर्षाला दोन पिके देतो. मांडवाला इथे ‘चप्पर’ म्हणतात आणि बागेला ‘द्राक्षी तोट’. एवढे दोन कन्नड शब्द बरोबर ठेवले तरी वाटेत बोलणे सुरू होते.

वाइनसाठी लावलेल्या फ्रेंच जातींची कथा निराळी. वाइनची द्राक्षे समशीतोष्ण देशांत पिकतात असे पुस्तकात वाचलेले असते, आणि बंगळूर तर विषुववृत्तापासून जेमतेम तेरा अंशांवर. पण इथली उंची समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास, त्यामुळे रात्री थंड. याच भरवशावर कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये दोड्डबळ्ळापूरजवळ, नंदीच्या पायथ्याशी आपला उद्योग उभा केला. २०१२ मध्ये त्यांची कंपनी नाशिकच्या एका वाइन कंपनीशी एक झाली. म्हणजे नाशिक आणि नंदी यांची सोयरीक कागदोपत्री जमलेली आहे!

आपलेही नाते इथे आहेच. विजापूर दरबाराने शहाजीराजांना दिलेल्या जहागिरीत बंगळूरबरोबर होसकोटे, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर ही ठिकाणे होती. नंदीजवळचे मुद्देनहळ्ळी हे विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव. पुण्यात अभियांत्रिकी शिकून त्यांनी नोकरीची पहिली वर्षे मुंबई इलाख्यात काढली. खडकवासला धरणावरची आपोआप उघडणारी दारे ही त्यांचीच. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनी १५ सप्टेंबरला ऑफिसात केक कापण्याऐवजी एकदा सायकलवरून या गावाला जाऊन यावे, असे मला वाटते.

आता मुख्य मुद्दा. बंगळूरचे सायकलवाले नंदीला जातात ते डोंगर चढायला. शनिवार-रविवारी पहाटे त्या घाटात मोटारी आणि मोटारसायकलींची रांग असते. वर पोहोचेपर्यंत छाती धुराने भरते. माझे सांगणे असे की नंदी चढू नका, नंदीला प्रदक्षिणा घाला. पूर्वेला नंदी गावात भोगनंदीश्वराचे हजार वर्षांहून जुने मंदिर आहे. तिथे सायकल उतरवा. तिथून मुद्देनहळ्ळीच्या बाजूला जा. आणखी उत्साह असेल तर पश्चिमेला दोड्डबळ्ळापूरकडच्या गावांत शिरा. महामार्ग सोडून दोन किलोमीटर आत गेलात की वाट अरुंद होते. एका बाजूला द्राक्षाचे मांडव, दुसरीकडे नाचणी, मध्येच तुतीची शेती, मग एखादा तलाव. समोरून येते ती दुधाचे कॅन लावलेली मोपेड, नाहीतर मेंढ्यांचा कळप. पूर्ण वर्तुळ एका दिवसात झालेच पाहिजे असा काही नियम नाही. ताशी पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त वेग ठेवलात तर बागा दिसतच नाहीत.

परदेशी हे कसे करतात तेही सांगतो. फ्रान्समध्ये बरगंडी भागात जिव्हरी ते क्लूनी असा ४४ किलोमीटरचा मार्ग १९९७ मध्ये सुरू झाला. तो बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधला आहे. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे तिचा मार्ग मुळातच सपाट. रूळ काढून डांबर घातले की लहान मुले आणि आजी-आजोबाही द्राक्षमळ्यांतून निवांत जाऊ शकतात. बोर्दोजवळही असाच एक मार्ग आहे. १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रॉजे लापेबी यांचे नाव त्याला दिले आहे.

नंदीच्या पायथ्यानेही अरुंद रुळांची एक गाडी धावत असे. यलहंकाहून देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर, कोलार करत बंगारपेटला जाणारी. पण ती बंद पडली नाही. तिचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले, आणि लोकांच्या दृष्टीने तेच योग्य झाले. तेव्हा आपल्याकडे फक्त सायकलींसाठी राखलेला मार्ग नाही. शेतकऱ्याची ये-जा हाच आपला मार्ग. रस्ता शांत आहे याचे कारण सरकारने तो राखून ठेवला हे नव्हे, तर दोन्ही बाजूंना शेती आहे हे आहे. ज्या दिवशी मांडव जाऊन तिथे प्लॉटचे दगड येतील, त्या दिवशी हीच वाट डंपरची होईल. वेगळा सायकल ट्रॅक मागूनही ती शांतता परत येणार नाही.

आणि हा दिवस काही लांब नाही, मित्रहो. देवनहळ्ळीचा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाला. आपल्याला गावी जायला सोय झाली, पण त्याच्याभोवतीच्या जमिनीचे भावही उडाले. देवनहळ्ळी तालुक्यातल्या १३ गावांची १७७७ एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी घेण्याचे ठरले होते. शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरून बसले. शेवटी जुलै २०२५ मध्ये सरकारने तो बेत सोडल्याचे जाहीर केले. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यापैकी किती जणांचे फ्लॅट कालच्या मळ्यांवर उभे आहेत, ते आठवून पाहावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नंदीच्या परिसरात अर्कावती, पालार, पिनाकिनी अशा नद्या उगम पावतात, पण बारमाही वाहणारी एकही नाही. बागा जगतात बोअरवेलवर, आणि पाणी खोल खोल चालले आहे. म्हणून आता हेब्बाळ-नागवारा भागातले सांडपाणी प्रक्रिया करून चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या तलावांत सोडतात. भूजल वाढावे हा हेतू. पाण्यावर आणखी शुद्धीकरण व्हावे अशी तिथल्या लोकांची मागणी आहे. म्हणजे आपण सकाळी आंघोळीला वापरलेले पाणी फिरून तिकडच्या मातीत जाते आणि द्राक्षाच्या रूपाने आपल्या ताटात येते. तेव्हा मोरीत काय ओततो याचा हिशेब आपल्यालाही ठेवायला हवा.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. महागडी सायकल लागत नाही. गिअर असले तर बरे, आणि टायर जरा रुंद असावेत, कारण बाभळीचे काटे कोणाला सोडत नाहीत. पंक्चरचे सामान, हातपंप आणि दोन लिटर पाणी जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके असते. पुढचा-मागचा दिवा लावल्याशिवाय निघू नका. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. गावात शिरण्यापूर्वी शहरातला रस्ता सायकलने कापायचा हट्ट नको. गाडीच्या मागे सायकल बांधून नेली तर त्यात कमीपणा नाही.

आणि पाहुण्याची रीत पाळा. मांडवाखाली विचारल्याशिवाय शिरू नका. फवारणी चालू असेल तर थांबू नका. वेलीवरचा घड तोडून तसाच तोंडात टाकू नका. तो चोरीचा असतो आणि त्यावर औषधही असते. बागेच्या तोंडाशी पेटी मांडून बसलेल्या माणसाकडून विकत घ्या आणि धुऊन खा. चार किलो घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस नको. आपण मॉलमध्ये ती करत नाही. बागवानाला बाग ठेवणे परवडले, तरच आपली वाट शांत राहणार आहे. फोटोंइतकाच आपल्या खरेदीचाही त्याला उपयोग व्हायला हवा.

मंडळाला माझी एक सूचना आहे. उत्सव आटोपला, पाऊस ओसरला की हिवाळ्यातल्या एका रविवारी मंडळाची सायकल-सहल काढावी. मुलांना घ्यावे. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना शेत पाहायला आजोळीच जायला लागावे, असे नाही. वीस-पंचवीस किलोमीटर खूप झाले. परतताना प्रत्येकाच्या पिशवीत बँगलोर ब्लू असावे, आणि पुढच्या वर्षीच्या प्रसादाच्या ताटात गावाकडच्या बेदाण्याशेजारी त्याचाही एक घड दिसावा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, चहा येईपर्यंत मी इथेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!