प्रश्न इथून घेऊन जा



केशोरीनं या सभेच्या अध्यक्षपदाचा मान दिला, मी ऋणी आहे. सकाळपासून मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलामुलींनी मला एकच विचारलं: जागतिक आरोग्याच्या क्षेत्रात जायचं तर काय शिकावं?

उत्तरासाठी शेजारच्या गडचिरोलीत जाऊ. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग नागपुरात डॉक्टर झाले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला लागले. त्या पदवीनं त्यांना मोजायची शिस्त दिली. गावात किती बाळं जन्मली, किती दगावली, कितव्या दिवशी, कशानं.

आता बघा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पण ज्या दायीला साठपर्यंत मोजता येत नाही, तिनं काय करावं? बंग दाम्पत्याच्या ‘सर्च’ संस्थेनं तिच्यासाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, की औषध सुरू. मोठं संशोधन मला इथे दिसतं.

पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली, २०११ मध्ये भारत सरकारनं हे काम गावोगावच्या आशा स्वयंसेविकांकडे दिलं. आशाताई, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुम्ही बाळाचं वजन करता ना, त्या कामाचं मूळ तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

प्रश्न संपलेले नाहीत. सिकलसेल आहे, हत्तीरोग आहे. हिवतापाचं तर विचारूच नका. तेंदूपानाला जंगलात मुक्काम करणारा, मिरची तोडायला तेलंगणात जाणारा माणूस तापानं फणफणला, तर त्याचं रक्त कोण तपासणार? गोळ्या पूर्ण घेतल्या की नाही, कोण बघणार? थायलंड-म्यानमार सीमेवरच्या मजुरांबद्दल तिथले संशोधक हेच विचारतात. बाळांनो, प्रश्न इथून घेऊन जा.

शिकायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. परिचर्या, समाजकार्य, संख्याशास्त्र शिकलेल्यांनाही या क्षेत्रात जागा आहे. परदेशी जायला अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी राज्याच्या शिष्यवृत्त्या आहेत. चौकशी करा, वेळेत अर्ज करा.

एक गोष्ट मात्र मला सलते. वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने आणि नोंदी गोळा करणाऱ्या आशाताईला पुढच्या शिक्षणाची वाट कुणी दाखवत नाही. तिच्या नोंदींवर दुसरे पदव्या घेतात, शोधनिबंधावर तिचं नावही नसतं. हे चूक आहे. म्हणून दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: शिकू इच्छिणाऱ्या आशाताईंचं मुक्त विद्यापीठाचं पदवी शुल्क शासनानं भरावं, परीक्षेच्या दिवसांत त्यांचा मोबदला कापू नये आणि त्यांच्या नोंदींवर होणाऱ्या संशोधनात त्यांची नावं यावीत. अनुमोदनासाठी ताईंनीच पुढे यावं.