कागदाची कारागिरी



कागद म्हटला कीं आपल्यापुढें लिहिण्याची वही येते, वर्तमानपत्र येतें, नाहीं तर वाण्याच्या दुकानांतील पुडी. लिहून झालें, वाचून झालें, पुडी सोडली, कीं त्याचें आयुष्य आपल्या लेखीं संपतें. मला आज ज्या कागदाविषयीं बोलावयाचें आहे तो येथून पुढचा. कापावा, दुमडावा, भिजवावा, कुटावा आणि त्यांतून कांहीं घडवावें, असा.

आम्हां सोलापुरकरांना ह्याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. अंथरुणावरील चादर पाहावी. तिच्यावरील वेल, फूल किंवा मोर सुतांत उतरण्यापूर्वीं कागदावर उतरलेला असतो. नक्षीकार चौकटीच्या कागदावर एक एक चौकोन रंगवितो. मग त्या नक्षीबरहुकूम पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना छिद्रें पाडतात, त्या पट्ट्या दोरीनें एकमेकींस जोडतात व ती माळ मागावरील जेकार्ड यंत्रावर चढवितात. जेथें छिद्र असेल तेथें सुई आंत शिरते आणि तिच्या ताब्यांतील उभा धागा उचलला जातो. जेथें कोरा पुठ्ठा असेल तेथें धागा खालींच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक खेपेस एक पट्टी. फ्रान्समधील लिआँ शहरच्या जोसेफ मारी जाकार ह्यानें १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्धीस नेली. १८३९ सालीं त्याचेंच चित्र रेशमांत विणण्यांत आलें, त्यास सुमारें २४,००० पट्ट्या लागल्या. विणलेलें चित्र पाहणारास तें छापलेलेंच वाटे. इंग्लंडांतील गणिती चार्ल्स बॅबेज ह्यानें त्याची एक प्रत मिळविली होती, व आपल्या गणनयंत्रास आज्ञा देण्याची कल्पना त्यानें ह्याच पट्ट्यांवरून घेतली. आजच्या संगणकाच्या वंशावळींत पुठ्ठ्याचें नांव लागतें, तें असें.

आतां पुष्कळ मागांवर विजेवर चालणारीं जेकार्डें आलीं आहेत व नक्षी संगणकावरून थेट मागास पोंचते. त्याबद्दल मी तक्रार करणार नाहीं. विणकराचे कष्ट त्यानें वांचतात. मात्र जुन्या पट्ट्या रद्दींत जातात त्या थोड्या जपून टाकाव्या, असें मला वाटतें. वर्गांत मी त्या मुलांच्या हातीं देत असें. कोणी उन्हांत धरून भिंतीवर ठिपके पाडी, कोणी छिद्रांतून रांगोळी गाळी. एकदां एका विणकराच्या मुलानें पट्टी उलटसुलट पाहून “गुरुजी, हें तर अर्धेंच फूल आहे,” असें सांगितलें, तेव्हां सारा वर्ग उरलेलें अर्धें शोधावयास लागला!

कापड आणि कागद हीं मुळांत भावंडेंच. कापसाचा तंतु लांब व चिवट, म्हणून सुती चिंध्यांचा कागद उत्तम होतो. मुहंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, त्या काळापासून जवळच्या कागजीपुऱ्यांत कागद करणारांची वस्ती असल्याचें सांगतात. पुण्यास शिवाजीनगर भागांत के. बी. जोशी ह्यांनीं गांधीजींच्या प्रेरणेनें १९४० सालीं हातकागदाची संस्था काढली. तेथील कागद हातांत घेऊन पाहावा, म्हणजे यंत्राच्या कागदाशीं असलेला भेद बोटांनाच कळतो.

यंत्राच्या कागदास लांकडासारखी एक धार असते. तयार होतांना त्याचे बहुतेक तंतु यंत्राच्या गतीच्या दिशेनें पडतात. वर्तमानपत्राचा कागद एका बाजूनें सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनें वेडावांकडा, त्याचें कारण हेंच. पेटी करावयाची, वही बांधावयाची, तर घडी ह्या धारेच्या दिशेनें घालावी. आडवी घातल्यास जाड कागदाची कड चिरते. हें सांगून मुलास पटत नाहीं, एक पेटी बिघडली कीं पटतें.

घड्यांचें म्हणाल तर त्यांत भूमितीही आहे. टी. सुंदरराव ह्यांचें कागदाच्या घड्यांवरून भूमिति शिकविणारें इंग्रजी पुस्तक १८९३ सालीं मद्रासेस निघालें, व जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन ह्यानें त्याची वाखाणणी केली. चौरस कागद मधोमध उभा दुमडून उलगडा. आतां खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या रेषेवर आणा, मात्र घडी खालच्या डाव्या कोपऱ्यांतून गेली पाहिजे. कोपरा जेथें टेंकला तो बिंदु आणि तळाचीं दोन टोंकें मिळून समभुज त्रिकोण होतो. कंपास नको, पट्टी नको.

असें असतां घरोघरीं काय चालतें? शाळेनें ‘प्रकल्प’ सांगितला कीं आदल्या रात्रीं वडील बाजारांतून तयार संच आणतात, आई तो चिकटविते आणि मूल झोपीं जातें. दिवाळीचा आकाशकंदीलही आतां बहुधा प्लास्टिकचा असतो. कामट्या बांधणें, खळ शिजविणें, पतंगी कागद ताणून चिकटविणें ह्यांत जे दोन दिवस जात, तेच माझ्या मतें दिवाळीचे खरे दिवस. गुण आईस मिळाले, मुलाचीं बोटें मात्र कोरींच राहिलीं.

आतां गृहिणींसाठीं एक जुनी कृति. रद्दी कागदाचे बारीक तुकडे दोन दिवस पाण्यांत भिजवावे. मूठभर मेथ्या वेगळ्या भिजवून दोन्ही एकत्र वाटावीं. मेथीच्या चिकटपणानें लगदा एकजीव होतो आणि तिच्या कडूपणामुळें कीड सहसा लागत नाहीं. पालथ्या पातेल्यावर ओलें फडकें पसरून त्यावर लगदा बोटभर जाडीनें थापावा व कांठ पाण्याच्या हातानें सारखा करावा. वैशाखांतील आमचें सोलापुरी ऊन असेल तर दोन-तीन दिवसांत टोपली भांड्यापासून आपोआप सुटूं लागते. तीवर गेरूचा हात द्यावा. छपाईची शाई पोटांत जाऊं नये म्हणून तींत खाण्याचे पदार्थ उघडे ठेवूं नयेत. सुतळी, लोकर, शिवणाचें सामान ह्यांस ती उत्तम. पावसाळ्यांत मात्र तिला जमिनीवर ठेवूं नये, खुंटीस अडकवावी.