उत्तम ऋण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलांच्या फीसाठी बापाने व्याजाने पैसे काढावेत आणि पुढे घरच गहाण पडावे, असे प्रसंग आम्ही शिक्षकी पेशात पुष्कळदा पाहिले. दान मागण्याची त्याला लाज वाटते. सावकाराखेरीज दुसरे दार उघडे नसते. या दोहोंमधील एक वाट इस्लाम धर्मात आहे. तिला ‘कर्ज-ए-हसना’, म्हणजे उत्तम ऋण, असे म्हणतात. तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

कुराणात व्याज निषिद्ध आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याची दुसरी बाजू तितकीशी ठाऊक नसते. ऋणको अडचणीत असेल तर त्यास सवड द्यावी, आणि ऋण सोडून देता आले तर ते अधिक श्रेयस्कर, असा तेथे उपदेश आहे. तथापि भोळेपणास थारा नाही. देवघेव लिहून ठेवावी, साक्षीदार घ्यावेत, अशी आज्ञा आहे. ती ज्या वचनात आली आहे, ते कुराणातील सर्वांत दीर्घ वचन होय. मृताची संपत्तीसुद्धा त्याचे ऋण फेडल्यावाचून वारसांत वाटावयाची नसते. धनकोने दया दाखवावी, ऋणकोने सचोटी राखावी, असा हा दुहेरी धर्म आहे.

याचे अलीकडील उदाहरण लाहोरचे. डॉ. अमजद साकिब यांनी तेथे २००१ साली ‘अखुवत’, म्हणजे बंधुभाव, ही संस्था स्थापिली. पहिले कर्ज अवघे १०,००० रुपयांचे. ते एका स्त्रीस दिले आणि तिने ते प्रामाणिकपणे फेडले. तेच पैसे पुढे दुसऱ्याच्या उपयोगी पडले. कर्जवाटप मशिदींत व चर्चमध्येही होऊ लागले. त्यामुळे कचेरीचा खर्च वाचला, आणि चारचौघांसमक्ष घेतलेल्या पैशाची जबाबदारीही वाढली. कर्ज फेडून सावरलेली माणसे पुढे स्वतः देणगी देऊ लागली. २०२१ साली डॉ. साकिब यांस मॅगसेसे पुरस्कार लाभला.

असे ऋण फुकट पडत नाही, हेही सांगणे अगत्याचे आहे. महागाईने परत आलेल्या रुपयाचे मोल घटते, हिशेबनिसास वेतन द्यावे लागते. हा भार कोणीतरी संतोषाने उचलावा लागतो; त्या भारामुळेच हे ऋण उत्तम ठरते. घेणाऱ्याची मान मात्र ताठ राहते, कारण तो याचक नसून ऋणको असतो.